आजीच्या गोष्टीतला डोंगर : कळसूबाई, भंडारदरा, डांगाण – नऊ वर्षांच्या मुलीला काय काय दाखवू?

कळसूची_नात | ८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी आजी, म्हणजे आईची आई, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाजवळच्या एका वाडीतली. लग्न होऊन कल्याणला आली आणि उरलेलं आयुष्य चाळीतल्या दोन खोल्यांत काढलं. पण "आमच्या डांगाणात" या दोन शब्दांशिवाय तिची एकही गोष्ट सुरू व्हायची नाही. गेल्या श्रावणात ती गेली.

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट कळसूची. कळसू ही कोळ्याची पोर, रानात एकटी हिंडायची तिला भारी हौस. हिंडत हिंडत डोंगराखालच्या इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला नेमकं तेच काम सांगितलं. तिनं भांडी घासली, केर काढला, आणि डोंगर चढून गेली ती परत खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. आजी ही दोन नावं घ्यायची तेव्हा हाताने दिशा दाखवायची. कल्याणच्या खोलीत बसून, भिंतीकडे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीला घेऊन तिकडे जायचं ठरवतेय. ती नऊ वर्षांची आहे. आम्ही ठाण्याला राहतो, कसारा-इगतपुरी-घोटी असे येऊ. नेटवर शोधलं की काजवे, धबधबे आणि तंबूंचे दर, एवढंच हाती लागतं. मला विचारायचंय की याखेरीज तिला काय दाखवावं? आणि थाळेमेळ नेमका कुठे आहे, हे कुणाला माहीत आहे का?

---

कड्यावरून | ८ मे, रात्री १०:२२

छान धागा. कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर) बारीकडून चढा, नऊ वर्षांची मुलगी आरामात चढेल. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. मात्र पहाटे निघा, अकराच्या आत वर पोचा. जूनमध्ये दुपारी ढग उतरले की शिड्या निसरड्या होतात. वर देवीचं लहानसं देऊळ आहे, नवरात्रात तिथं जत्रा भरते.

थाळेमेळची मला कल्पना नाही. दहा-बारा वेळा चढलोय, पण हे नाव पहिल्यांदा ऐकतोय आणि त्याचं वाईट वाटतंय.

---

डांगाणी गुरुजी | ९ मे, सकाळी ६:१५

ताई, तुमच्या आजीची गोष्ट अगदी अशीच्या अशी इंग्रजांच्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे, थाळेमेळ आणि काळदऱ्यासकट. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या साहेबाला ती कुणीतरी सांगितली आणि तीच गोष्ट तुमच्या आजीपर्यंत तोंडीच आली. तेव्हा जागा नकाशात शोधू नका. बारीत किंवा इंदोऱ्याच्या अंगाला एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्याकडे डोंगराच्या प्रत्येक सोंडेला, नाळेला, पाण्याच्या डबक्याला नाव आहे. ती नावं गुराख्यांना आणि मोहाळ काढणाऱ्यांना पाठ असतात.

मी राजूर भागात चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

डांगाण म्हणजे अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगरपट्टा. जिल्हा अहिल्यानगर, आपलं जुनं नगर. बाहेरच्यांना नगर म्हटलं की दुष्काळ आठवतो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडी आहे आणि तिथे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आमचे लोक बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर. पिकं म्हणजे भात, नागली, वरई, खुरासणी. भाताचे वाण काळभात, जिरवेल, आंबेमोहर. तुम्ही याल तेव्हा डोंगरउतारावर काळे चौकोन दिसतील. लेक विचारेल आग लागली होती का. तो राब. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जमीन भाजतात आणि पहिल्या पावसाला तिथं भाताचं बी टाकतात. जुलैत आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला याल तर गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया दिसतील. पूर्वी प्रत्येकीच्या पाठीवर पानांचं इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद असतो.

गुरं बघा. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली डांगी गाय ही इथलीच. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून चार महिने पावसात उभी राहिली तरी तिला बाधत नाही. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. मुलीला राजूरचा पेढाही खाऊ घाला.

आणि एक. तुम्ही ठाण्यात राहता. देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारशाही आणि इंग्रज सत्तेविरुद्ध याच डोंगरांतून बंड उभं केलं. १८४८ च्या सुरुवातीला पंढरपुरात ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. मुलीला आधी ठाण्यातला तो तुरुंग बाहेरून दाखवा आणि मग इकडे आणा. ज्या रानाने त्यांना लपवलं ते रान तिला वेगळं दिसेल.

---

कळसूची_नात | ९ मे, सकाळी ८:०५

गुरुजी, गॅझेटियरचं वाचून अंगावर काटा आला. आजीला अक्षरओळख नव्हती. तुरुंगावरून तर मी रोज ऑफिसला जाते हो.

---

पानगळ | ९ मे, दुपारी १:३०

जूनचा पहिला आठवडा म्हणजे काजवे असतीलच. त्याबद्दल जरा कळकळीनं लिहिते, कारण मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना तिकडे नेते.

काजव्याची अळी पालापाचोळ्यात, ओल्या मातीत वाढते आणि गोगलगायी खाते. पंख फुटल्यावर हाती उरतात ते थोडेच आठवडे. मेअखेर ते पाऊस नीट लागेपर्यंतच्या या दिवसांत नर लुकलुकत मादीला खूण करतो आणि मादी उजेडानेच उत्तर देते. त्यांचं सगळं बोलणं उजेडातून चालतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, एकेका झाडावर हजारो काजवे बसतात आणि कधी कधी अख्खं झाड एका तालात पेटतं-विझतं. आता या बोलण्यात गाडीचा हेडलाइट घुसला की काय होईल ते सांगायला नको. पलीकडची खूण दिसतच नाही, जोड जमत नाही, अंडी पडत नाहीत. झाडाखाली शंभर माणसं उभी राहिली की खालची माती तुडवली जाते, आणि पुढच्या वर्षीच्या अळ्या त्याच मातीत असतात.

गेल्या वर्षी एका शनिवारी भंडारदरा धरणाभोवतीच्या रस्त्यावर आम्ही तीन तास गाड्यांच्या रांगेत अडकलो. कुणी काजवे बरणीत भरत होतं, कुणी गाणी लावली होती. माझे विद्यार्थी गप्प झाले. परत येताना एकजण म्हणाला, मॅडम, आपणही त्याच रांगेत होतो. त्यानंतर मी शनिवार-रविवार जाणं बंद केलं.

ताई, तुम्ही मंगळवार-बुधवार निवडा. गावात मुक्काम करा, अंधार पडल्यावर गाडी न काढता चालत जा. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा आणि तीही जमिनीकडे. दहा मिनिटं काळोखात नुसतं उभं राहिलं की डोळे आपोआप सरावतात.

---

सह्यमित्र८७ | ९ मे, दुपारी ४:१०

काजवे सर्वात जास्त कुठल्या गावाजवळ दिसतात ते सांगाल का? आम्ही आठ-दहा जण येतोय, दोन गाड्या आहेत.

---

पानगळ | ९ मे, सायंकाळी ५:०२

नेमकं झाड किंवा वळण मी सांगणार नाही, राग मानू नका. जिथलं नाव गाजलं तिथे पुढच्या वर्षी दिवे लागतात. ज्या घरी उतराल त्या घरच्या माणसाला सोबत घ्या, तो नेईल. त्याच्या हातात चार पैसेही पडतील. आणि दोन्ही गाड्या मुक्कामाच्या अंगणातच ठेवा.

---

रतनवाडीकर | ९ मे, रात्री ८:४५

पानगळताई बरोबर बोलल्या. आमच्या घरीच पर्यटक उतरतात, पैसा लागतो, नाही म्हणत नाही. या पैशामुळे आमची पोरं चार महिने तरी नाशिक-नारायणगावला मजुरीला न जाता घरी राहतात. म्हणून लोकांनी यावं. पण आठवडाभर मिळून यावं, एकाच रात्री सगळ्यांनी नाही. वनखात्याच्या नाक्यावर पावती घ्या आणि त्यांनी सांगितलेली वेळ पाळा.

धरणाजवळच्या शेंडी गावातून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, परत शेंडी असा धरणाला वळसा पडतो. मुलगी बरोबर आहे तर दिवसा हा वळसा घ्या. आमचं अमृतेश्वराचं देऊळ सोडू नका. ते शिलाहार काळातलं. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवमंदिरं बांधली अशी परंपरा सांगतात, त्यातलं प्रवरेचं हे. बाहेरच्या भिंतीवर कोरीव काम इतकं बारीक की पोरं बोट लावून लावून बघतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड बुडते. जवळच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत त्याही बघा. देवळामागे रतनगड. माथ्यावर आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. तिथं वारा असा येतो की माणूस मागं ढकलला जातो.

सांदण दरीत जूनमध्ये उतरू नका. मुलीला घेऊन तर नाहीच. साम्रदमधला कुणीही हेच सांगेल. वर आभाळ कोरडं दिसतं आणि मागून पाणी येतं.

---

प्रवराकाठ | १० मे, सकाळी ७:३०

मी खाली संगमनेरच्या पुढे, कालव्याच्या पाण्यावर शेती करतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी पेपर आला की आधी एकच बातमी शोधतात, भंडारदऱ्याच्या पाणलोटात किती पाऊस झाला. घाटघर, रतनवाडी, पांजरे ही नावं मी लहानपणापासून वाचतोय, पण चाळिशी उलटेपर्यंत तिकडे गेलो नव्हतो. पहिल्यांदा धरणाच्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा गप्पच झालो. दगडी भिंत, ८२ मीटर उंच. १९१० ला काम सुरू झालं, डिसेंबर १९२६ ला गव्हर्नर विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. साठा ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. या पाण्यावर आमच्या भागात ऊस उभा राहिला आणि उसावर १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना. आमची घरं, शाळा, पोरांची शिक्षणं, सगळं या पाण्यातून आलंय.

आणि खाली गेलात की याच प्रवरेच्या काठी नेवासं आहे, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मुलीला नकाशावर रतनगडापासून नेवाशापर्यंत बोट फिरवायला सांगा.

---

डांगाणी गुरुजी | १० मे, सकाळी ९:५०

प्रवराकाठ, तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मीही लिहितो, राग धरून नाही.

ज्या पाणलोटाची बातमी तुम्ही वाचता त्याच गावांमध्ये एप्रिल-मेला बाया दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन झऱ्यावर जातात. पाऊस सगळा धो-धो येतो आणि कातळावरून वाहून धरणात जातो. धरण खाली, वाड्या वर. माझ्या वर्गातल्या मुली मार्च उजाडला की उशिरा यायच्या. कारण विचारायचं मी सोडून दिलं होतं. अलीकडे काही वाड्यांमध्ये झऱ्याला टाकं बांधून पाणी साठवलं, तिथं फरक पडला. सगळीकडे नाही.

---

प्रवराकाठ | १० मे, सकाळी ११:२०

गुरुजी, हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे पाटाला पाणी सुटलं की आम्ही नारळ फोडतो, पण पाणी येतं तिथल्या माणसांचं नाव कुणी घेत नाही. यंदा मुलांना घेऊन मेमध्ये येतो, पावसाळ्यात नाही.

---

कड्यावरून | १० मे, रात्री ९:१५

हरिश्चंद्रगडाचा विषय अजून निघाला नाही, म्हणून. दिवस हाताशी असतील तर पाचनईकडून चढा, ती वाट सोपी. गडावर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, शेजारी केदारेश्वराची गुहा. आत भलीमोठी पिंड, भोवती कंबरभर बर्फासारखं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा पडला की जग बुडेल असं म्हणतात. चांगदेवांनी 'तत्त्वसार' याच गडावर लिहिलं. मुळा नदी इथलीच.

पण मी थांबतो तो कोकणकड्यावर. अर्धगोल, आत वळलेला कडा, खाली थेट कोकण. काठाशी उभं राहू नका, पालथं झोपून डोकं बाहेर काढा. खालून वर येणारा वारा इतका जोराचा की टाकलेलं पान परत वर येतं. पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा शेवटी सूर्य पाठीशी आणि धुकं समोर असेल तर आपलीच सावली गोल इंद्रधनुष्यात दिसते, तेच इंद्रवज्र. १८३० च्या दशकात कर्नल साईक्स यांनी ते पाहून लिहून ठेवलंय. मी इतक्या वर्षांत दोनदाच पाहिलं. दोन्ही वेळा बरोबरचे सगळे एकदम गप्प झाले होते.

---

पानगळ | १० मे, रात्री १०:०५

आणि कारवी! ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. अख्खा उतार जांभळा होतो आणि मधमाश्यांचा आवाज दुरून ऐकू येतो. बी धरलं की झुडपं मरतात. वाळलेल्या काठ्या विणून, शेणमातीनं लिंपून इथले लोक घराचे कुड करतात. ताई, तुमच्या आजीचं माहेरचं घर बहुतेक कारवीच्या कुडाचंच असणार.

---

कळसूची_नात | १० मे, रात्री १०:३०

होतं! "भिंतीतून वारा गाणं म्हणायचा" असं म्हणायची. त्याचा अर्थ आज कळला.

प्राण्यांचं सांगा ना कुणी. मुलीला शेकरू बघायचंच आहे. शाळेच्या पुस्तकात 'राज्यप्राणी' म्हणून चित्र आहे.

---

रतनवाडीकर | ११ मे, सकाळी ६:४०

शेकरू आहे, पण दिसेलच असं सांगत नाही. खाली कमी उतरतं, झाडावरून झाडावर उडी मारत जातं. म्हणून रान सलग लागतं. मधली चार झाडं तोडली की त्याची वाट तुटली. उंच झाडाच्या शेंड्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की समजा घरटं. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं. सकाळी लवकर, न बोलता चाला.

बाकी बिबट्या, तरस, भेकर, सांबर, साळिंदर आहेत. १९८६ पासून हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, ३६१ चौरस किलोमीटरच्या वर. पहाटे ओढ्याकाठी कुणी माणूस शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. पावशाही तेव्हा ओरडत असेल.

---

डांगाणी गुरुजी | ११ मे, सकाळी ८:२०

बिबट्याचं निघालं म्हणून वाघबारस सांगतो. तुम्ही ज्याला वसुबारस म्हणता, त्या दिवशी आमच्याकडे वाघोबाची पूजा होते. गावाबाहेर शेंदूर लावलेला दगड असतो, काही ठिकाणी लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले असतात. गुराखी पोरं घरोघर दूध-तांदूळ मागतात, खीर शिजते. एक पोर वाघ होतो आणि बाकीचे त्याला विचारतात, आमच्या शिवेत येशील का? माझा एक विद्यार्थी चौथीपर्यंत दरवर्षी वाघ व्हायचा. आता वनरक्षक आहे.

ज्याच्यापासून गुरं राखायची त्यालाच नैवेद्य दाखवणारी ही माणसं आहेत. मुलीला एकदा दिवाळीतही आणा.

वाटेत वेळ मिळाला तर कोंभाळणेही जवळच आहे. राहीबाई पोपेरे यांचं गाव. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी वाल, घेवडे, भात, भाज्या यांची गावठी बियाणं घरात मडक्यांत राखून जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माझ्या आईनेही कणगीच्या तळाशी राखेत बी ठेवलेलं असायचं. संकरित बियाणं आलं तेव्हा आम्ही शिकलेल्यांनीच तिला ते टाकून द्यायला सांगितलं. ती चूक माझीही आहे.

---

कळसूची_नात | १४ जून, रात्री ९:१०

जाऊन आलो. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

मंगळवार ते शुक्रवार राहिलो. काजव्यांच्या रात्री आम्ही दोघी आणि ज्यांच्याकडे उतरलो ते दादा, एवढेच होतो. मुलीनं लाल कागदाची टॉर्च स्वतः बनवली होती, पण ती लावायची वेळच आली नाही. एका सादड्यापुढे ती इतका वेळ उभी होती की मला वाटलं घाबरली. विचारलं तर म्हणाली, "आई, हळू बोल, ते बोलतायत."

शेकरू दिसलं नाही. घरटी मात्र चार मोजली. अमृतेश्वराच्या भिंतीवर तिनं खरंच बोट फिरवून बघितलं. राबाचे काळे चौकोन तिनंच आधी टिपले आणि गुरुजी, आग लागली होती का असंही विचारलं, शब्द न् शब्द तुम्ही लिहिला होता तसा.

कळसूबाईवर शेवटच्या दिवशी गेलो. वर पोचलो तेव्हा चारी बाजूंना पांढरं, हातभर अंतरावरचं दिसेना. उतरून बारीत आलो. एका ओट्यावर एक म्हातारी हिरडे निवडत बसली होती. तिला आजीच्या वाडीचं नाव सांगितलं. आजीला ती ओळखत नव्हती, पण आजीच्या भावाला ओळखत होती. मग मी थाळेमेळ विचारला.

तिनं हिरड्याचा हात झटकला आणि डोंगराकडे उचलला. तोच हात, तशीच बोटं, जशी आजी कल्याणच्या भिंतीकडे दाखवायची. तिकडे सगळा ढगच होता.

"आत्ता नाय दिसायचा. ढग उठला का दिसंल," ती म्हणाली आणि मुलीला जवळ बसवून तिच्या पुढ्यात हिरड्यांचं सूप सरकवलं. घोटीला निघायची वेळ टळून गेली तरी आम्ही तिथेच होतो. मुलगी निवडता निवडता दर थोड्या वेळानं मान वर करून बघत होती.

---

डांगाणी गुरुजी | १५ जून, सकाळी ६:००

दिसला का?

---

कळसूची_नात | १५ जून, सकाळी ७:१२

नाही, गुरुजी. वाघबारशीला परत येतोय.